चुन्याच्या गोलातली घागर

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. दरवर्षी वर्गात एक तरी पोरगा असा निघतोच, जो लाइट गेली की हळूच विचारतो, "मॅडम, भुतं असतात का?" माझं उत्तर ठरलेलं आहे — "असतील तर त्यांचं वस्तुमान सांग, मग पुढं बोलू." वर्ग हसतो, पोरगा खाली बसतो आणि मी फळ्याकडे वळते. तर मी अशी आहे. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. आज स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही मला नापास केलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त पेपर शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट पहिल्या लॉकडाऊनमधली आहे. मी लातूरला क्लासेसच्या भागात एकटी राहते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. माझ्या बिल्डिंगच्या चारही बाजूंना होस्टेलं आणि मेस. एरवी पहाटेपासून पोरांचा नुसता गोंगाट असतो, आणि मीच खिडकीतून ओरडून त्यांना गप्प करते. मार्चच्या शेवटी ती सगळी पोरं आपापल्या गावी गेली. समोरच्या होस्टेलच्या गच्चीवर कुणाचा तरी निळा टॉवेल दोरीवर राहून गेला होता. तो वाळून कडक झाला, मग विटला, पण न्यायला कुणी आलं नाही. मी रोज त्या टॉवेलाकडे बघत चहा प्यायची. ऑनलाइन क्लास सुरू झाले तेव्हा पोरांचे कॅमेरे बंद असायचे, म्हणजे मी काळ्या चौकोनांना न्यूटन समजावून सांगत होते. दिवसभरात खरा माणसाचा आवाज एकच कानावर यायचा — आईचा, फोनवर. त्याच्याही आधी ती खोकल्याची ट्यून ऐकावी लागायची, तुम्हाला आठवत असेल.

आई बिलोलीला. नांदेड जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या हद्दीजवळचं गाव. तिथल्या जुन्या वस्तीत एक अरुंद बोळ आहे. बोळाच्या तोंडाशी शाळा, मधोमध एक मोकळी जागा, आणि त्या जागेला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. वडील कारकून होते, ते बदलीनं लातूरला आले. आई म्हणाली, "तुमचा जिल्हा नवा आसंल, माझं घर जुनंच बरं हाय," आणि ती हलली नाही. वडील शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. पुढं मी शिकायला लातूरला आले, इथंच चिकटले. वडील गेले तरी आई बिलोली सोडायला तयार झाली नाही. इतकी वर्षं मी या दोन जिल्ह्यांत ये-जा केली, पण त्यांच्यामध्ये हद्द असते हे मला कधी जाणवलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ती बंद झाली तेव्हा जाणवलं.

आईचे गुडघे पार गेलेले. घरातल्या घरात भिंत धरून चालायची. भरलेली घागर तर सोडाच, रिकामी उचलायची म्हटलं तरी तिला दोनदा विचार करावा लागे. उन्हाळ्यात त्या बोळात नळाला पाणी नसतं, टँकर येतो. आईचं पाणी भरायला शोभा नावाची बाई दुसऱ्या वस्तीतून यायची. एप्रिलमध्ये बोळात हैदराबादहून आलेला एक जण पॉझिटिव्ह निघाला. मग दोन्ही तोंडांना बांबू बांधले. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. शोभाचं येणं बंद झालं.

भाजी नसली तर माणूस चटणीवर भागवेल, पण पाणी कोण देणार? पाससाठी अर्ज केला, तर तो नामंजूर. पास मिळायचा मयतीला नाहीतर गंभीर आजाराला. माझी आई जिवंत होती आणि धडधाकट बोलत होती, हीच मोठी अडचण झाली.

मी आईला फोन लावला.

"आई, पाण्याचं काय केलंस?"

"भरलं की."

"कुणी भरलं?"

"दारात आणून ठिवलं. तू नगं काळजी करू. तुझं जेवण झालं का?"

मला वाटलं, समोरच्या शिवलिंगअप्पांच्या सुनेनं आणलं असेल. अप्पांचं किराणा दुकान आमच्या दारासमोर. लहानपणापासून ते मला मुलीसारखं वागवत आलेले. मी निश्चिंत झाले.

आता त्या बोळानं नियम कसे पाळले ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. टँकरच्या जागेवर चुन्यानं गोल आखून दिले होते. एका गोलात एकानं उभं राहायचं. पण आमच्या बोळातल्या बायका स्वतः कधी रांगेत उभ्या राहिलेल्याच नाहीत. तिथं पूर्वीपासून घागर नंबरात ठेवायची पद्धत. सकाळी आपलं भांडं रांगेत ठेवून द्यायचं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. नंबरातली घागर म्हणजे माणूस. तिला कुणी हलवायचं नाही. दुसऱ्याची घागर मागं सारली तर पिढ्यानपिढ्यांचं वैर होई. तर लॉकडाऊनमध्ये बोळानं काय केलं, गोलागोलात घागरी, कळशा, बादल्या मांडल्या आणि माणसं दारं लोटून आत बसली. टँकर यायचा, टँकरवाला पाइपनं एकेक भांडं भरून निघून जायचा. मग एकेका घरातून एकेक जण यायचा आणि फक्त आपलं भांडं उचलून न्यायचा. दुसऱ्याच्या भांड्याला बोट लावायचं नाही. अंतर पाळलं ते भांड्यांनी. हे मला अप्पांनी फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आणि मला फार आवडलंही होतं. मी स्वतः नियमाची माणूस आहे. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबते.

रोजचे फोन चालू होते. एकदा बोलता बोलता आई शिंकली. त्या दिवसांत शिंक म्हणजे काय, ते आठवा. मी ताडकन उठून उभी राहिले.

"आई, शिंकलीस तू? घसा दुखतोय का? ताप बघ आधी."

"कुठला ताप गं. मिरचीचा खकाणा हाय."

"कोण मिरच्या कुटतंय आत्ता?"

"कुणी न्हाई कुटत," ती म्हणाली आणि हसली. "तुझं काय चाललंय ते सांग."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत आई कधी नव्हे इतकी खुशीत होती. वडील गेल्यापासून तिचं बोलणं हो-नाहीवर आलेलं. आता तिच्या आवाजात काहीतरी परत आलं होतं. जुन्या गोष्टी काढायची, कुणाची तरी नक्कल करायची. आणि फोन मात्र लवकर ठेवायची. पूर्वी मी क्लासची घाई सांगून ठेवायचे, आता तीच म्हणायची, "ठिव आता, ती बसलेली हाय." कोण बसलंय विचारलं की, "चहा निवतोय," म्हणून फोन बंद. मी इकडं त्या निळ्या टॉवेलासमोर फोन हातात धरून बसलेली. मला हेवा वाटला, हे कबूल करते. आईकडे कुणीतरी चहाला होतं आणि माझ्याकडे कुणी नव्हतं.

शेवटी मी अप्पांचे आभार मानायला फोन केला.

"इमल माय, आमी न्हाई आणत पाणी. कुणीच कुणाच्या भांड्याला हात लावत न्हाई इथं. मला वाटलं, तुझी आईच येती बाहेर. मी बोलणारच हुतो तुला, म्हाताऱ्या माणसानं असं भायेर पडू न्हाई म्हणून."

"अप्पा, आईला घागर उचलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मग ती घागर जाती कशी?"

"तुम्ही समोरच असता. तुम्ही बघितलं नाही?"

"बघतो की. रोज बघतो. पर..." अप्पा अडखळले. "राहू दे. फोनवर बोलण्यासारखं न्हाई."

मी लगेच आईला फोन लावला आणि सरळ विचारलं, पाणी कोण आणतं. ती टाळाटाळ करू लागली. मी वर्गात काढते तसा आवाज काढला. तेव्हा ती अगदी साधेपणानं म्हणाली, "नरसव्वा आणती."

नरसव्वाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिच्या मातीला मी स्वतः बिलोलीला गेले होते.

ही नरसव्वा कोण, ते सांगते. बोळाच्या शेवटच्या खोलीत राहायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. धर्माबादेहून मिरचीची पोती यायची, त्या मिरच्यांची देठं खुडायचं काम करायची. तिच्या हाताला, लुगड्याला, केसांनाही मिरचीचा खकाणा असायचा. लहानपणी ती दारात आली की मी आधी शिंकायची आणि मग तिला बघायची. ती आईला अक्का म्हणे. "अक्का, नीळ्ळू आली, रा!" अशी हाक मारायची. नीळ्ळू म्हणजे पाणी, रा म्हणजे ये.

वडील नव्या जिल्ह्यात गेले ती नेमकी दुष्काळाची वर्षं. हापसा तासभर हापसावा तेव्हा घागर भरायची. घागरी नंबरात असायच्या, पण नरसव्वाची घागर सगळ्यात शेवटी, आणि पुढच्या घागरीपासून हातभर लांब. तिची घागर आपल्या घागरीला लागू नये, असा बोळातल्या बायकांचा नियम होता. चुन्याचे गोल तेव्हा नव्हते, पण अंतर होतं आणि सगळे ते पाळत होते. एके दिवशी आई घरातून आली, आपली पितळी घागर पुढच्या नंबरातून उचलली आणि नेऊन नरसव्वाच्या घागरीला टेकवून ठेवली. इतकी जोरात, की टण् आवाज झाला आणि आमच्या घागरीला पोचा पडला. मी दारात उभी होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बोळातल्या बायका आईशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून या दोघींचा नंबर एक झाला. जिला आधी वेळ होई ती दोघींचं पाणी भरायची. आई तापानं पडली तेव्हा नरसव्वानं भरलं, नरसव्वाच्या बाळंतपणात आईनं. पुढं नळ आले, बोळातली माणसं बदलली, जुने नियम कुणाला आठवेनासे झाले. त्या दोघी दुपारी एकमेकींच्या दारात बसायच्या त्या शेवटपर्यंत.

"आई, नरसव्वा गेलीय," मी म्हणाले.

"म्या कुठं म्हणलं न्हाई गेली म्हणून?"

मला दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर आईच्या डोक्यावर वयाचा परिणाम होतोय, नाहीतर तिला आतून ताप आहे आणि ती भ्रमात बोलतेय. दोन्हीत ती एकटी. ओळखीच्या डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी लिहून दिलं आणि मला पास मिळाला. गाडी मिळेना, तेव्हा मी माझी स्कूटीच काढली.

उदगीर, देगलूर करत बिलोली. इतका लांबचा रस्ता मी कधी एकटीनं केला नव्हता. एरवी त्या रस्त्यावर एसट्या, ट्रॅक्टर, बैलबाजाराला निघालेले टेम्पो. त्या दिवशी कुणीच नव्हतं. चहाच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. गावागावांच्या फाट्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'बाहेरच्यांनी येऊ नये.' सगळा मुलूख आपापल्या घरात बसला होता आणि मीच एक बाहेरची होते. हद्दीवर एका तरुण पोलिसानं पास बघितला.

"आई एकट्याच हायेत का?"

"हो."

"जावा. पर तिथं गेल्यावर तुमाला लगेच भेटू देणार न्हाईत बघा."

त्याचं खरं झालं. बांबूपाशी पोचले तर पलीकडे अप्पा उभे, तोंडाला उपरणं बांधून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

"इमल माय, रागावू नगस. बाहेरून आलेल्यानं आधी शाळंत राहायचं, मुदत संपल्यावर आत यायचं. गावानं ठरवलंय. माझ्या लेकालाबी तसंच ठिवलं."

मी भांडले नाही. काय भांडणार? नियम बरोबरच होता. मला बोळाच्या तोंडाच्या शाळेत एक खोली मिळाली. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात रचून ठेवलेले बाक. पण खिडकी बोळाकडे होती. तिच्यातून टँकरची जागा, चुन्याचे गोल आणि आमचं दार स्वच्छ दिसत होतं. आई उंबऱ्यावर येऊन बसली. मी हात केला, तिनंही केला. मग तिनं फोन लावला आणि आम्ही एकमेकींकडे बघत फोनवर बोललो. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, लातूरला त्या टॉवेलासमोरही नाही. तिथं निदान आई डोळ्यांना दिसत नव्हती.

तिला ताप नव्हता. बोलण्यात भ्रमही नव्हता. तारीख, वार, माझ्या पगाराची वाढ, सगळं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी आले तेव्हा गोलांमध्ये भांडी मांडून झाली होती. आमची पोचा पडलेली घागर आमच्या दारासमोरच्या गोलात होती. ती तिथं कुणी ठेवली, ते मी बघितलं नाही, मला उठायला उशीर झाला होता. ऊन तापल्यावर टँकर आला, भांडी भरून गेला. आई उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर. एकेक जण येऊन आपापलं भांडं नेऊ लागला. मी फक्त आमच्या घागरीकडे बघत होते. पापणीसुद्धा हलवायची नाही असं ठरवून बघत होते. आणि नाकात एकदम मिरची झोंबली. डोळ्यांत पाणी आलं आणि मी जोरात शिंकले.

डोळे उघडले तेव्हा गोल रिकामा होता. घागर आमच्या उंबऱ्याशी होती, आईच्या पायाजवळ, काठोकाठ भरलेली. गोलापासून उंबऱ्यापर्यंत पाण्याचा एक थेंब सांडलेला नव्हता. आई तशीच बसलेली, हात मांडीवर. ती शेजारी कुणाशी तरी बोलत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

मी गोलापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग विचार केला, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी ओल्या रुमालावर मास्क, त्यावर आणखी एक मास्क बांधून उभी राहिले. शिंक आलीच. तिसऱ्या वेळी मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून व्हिडिओ लावला, आणि मी इतक्या जोरात शिंकले की धक्का लागून मोबाइल पालथा पडला. पुढं व्हिडिओत नुसता अंधार आहे आणि माझं शिंकणं. त्यानंतर मी व्हिडिओ लावला नाही. का लावला नाही, असं माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

संध्याकाळी अप्पा जेवणाचा डबा खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवून लांब सरकून उभे राहायचे. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "अप्पा, घागर जाते तेव्हा तुम्हाला शिंक येते ना?"

अप्पांनी आजूबाजूला बघितलं. "हाव," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज येती. पर सांगणार कुणाला माय? शिंकतो म्हणलं तर उचलून न्हेतील. मी दुकानात मागं जाऊन पोत्यात तोंड घालून शिंकतो."

"आणि घरातले बाकीचे?"

"सूनबी उशीत तोंड खुपसती. मी बघून न बघितल्यासारखं करतो."

पुढं सगळं उघडं झालं तेव्हा कळलं, की त्या बोळातलं प्रत्येक घर रोज त्याच वेळेला शिंकत होतं. आणि प्रत्येक घर दार लावून ते लपवत होतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपल्यालाच येतेय. म्हणून घागर जाताना कुणी बघितली नाही. आणि बघितली नाही हेही कुणी कुणाला सांगितलं नाही.

माझी मुदत संपली. बांबूखालून वाकून आत गेले आणि आईच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडले. तिचा वास, तिचे खरखरीत हात. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलीस गं." त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी लवकर उठून मी घागर घासली आणि नेऊन गोलात ठेवली. टँकर आला, गेला. माझा नंबर आल्यावर मी घागर उचलली आणि घरात आणली. शिंक आली नाही. मला नाही, अप्पांना नाही, कुणालाच नाही. मला बरं वाटलं. दुपारी आई उंबऱ्यावर जाऊन बसली. चहाची वेळ झाली तशी तिनं दोन कप मांडले. मला वाटलं, दुसरा माझा. मी तो उचलला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. तीन-चार दिवस असेच गेले. ती पुन्हा हो-नाहीवर आली होती.

"आई, काय होतंय तुला?" मी विचारलं.

"काय हुणार? तू घागर ठिवतीस ना आता."

"मग? मी लेक आहे तुझी. मी नाही ठेवायची तर कोण?"

"तूच ठिवायची गं. बरोबरच हाय." ती बोळाच्या शेवटाकडे बघत होती. "माझं पाणी भरायला माणूस आलं म्हणल्यावर ती कशाला यील? ती काय उगंच दुसऱ्याच्या नंबरात घुसणारी बाई न्हाई."

मी तिला म्हणाले, उद्यापासून नाही ठेवत मी घागर, तुला बरं वाटत असेल तर. आई हसली. म्हणाली, असं ठरवून थोडंच होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी घागर बाहेर नेलीच नाही, आतच ठेवली. आम्ही दोघी दारात बसून वाट बघत राहिलो. टँकर येऊन गेला, भांडी उचलली गेली, चुन्याचा आमचा गोल रिकामाच राहिला. संध्याकाळी अप्पांच्या सुनेनं कळशीभर पाणी आणून दिलं, स्वतःच्या हातानं. लॉकडाऊन लागल्यापासून दुसऱ्याच्या घरी पाणी नेण्याची बोळातली ती पहिली वेळ. पण आई ज्याची वाट बघत होती ते हे नव्हतं.

मी लॉकडाऊन उठेपर्यंत तिथंच राहिले. पुढं आईला लातूरला आणलं. ती आली, फारसा विरोध न करता, आणि दोन वर्षांनी साध्या म्हातारपणानं माझ्या मांडीवर गेली.

मी खूप विचार केला आहे. त्या दिवसांत कडुनिंबाचा मोहर होता, त्याची अॅलर्जी म्हणावी, तर मी आत गेल्यावर ती एका दिवसात कशी थांबली? कुणीतरी गुपचूप पाणी देत होतं म्हणावं, तर नंतर प्रत्येकाला विचारलं, आणि अशा कामाचं श्रेय कुणी नाकारत नाही. शिंकेला लागतो एखादा सेकंद, आणि तेवढ्यात भरलेली घागर इतकं अंतर जात नाही. हे गणित मी वर्गात कुठल्याही पोराकडून सोडवून घेऊ शकते. उत्तर एकच येतं, की हे झालं नाही. पण माझी आई त्या सगळ्या दिवसांत पाणी प्यायली होती.

घागर मी लातूरला आणली आहे. आमच्याकडे पालिकेचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी मी ती जिन्यात, दाराबाहेर नेऊन ठेवते. होस्टेलची पोरं आता परत आली आहेत, काही जण आमच्याही बिल्डिंगमध्ये राहतात. ती जिना चढताना घागरीला वळसा घालून जातात. एकानं विचारलं होतं, "मॅडम, ही इथं कशाला?" मी म्हणाले, "नंबरात आहे." तो हसला, पण त्यानं ती हलवली नाही.

माझा अजूनही अशा गोष्टींवर विश्वास नाही. दार थोडं उघडं ठेवून मी आत बसते, दोन कप चहा करते आणि कान जिन्याकडे ठेवते. शिंक अजून आलेली नाही.